शनिवार तेल्यांचे प्रार्थनामंदिर

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पाटस येथे दिलेले व्याख्यान)



वार्षिक मेळाव्यात हिशेबाचे वाचन झाले, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, की भोजनापूर्वी कोणीतरी वडीलधाऱ्या माणसाने चार शब्द सांगावेत असा आपला परिपाठ आहे. यंदा ते काम मंडळाने आम्हांवर सोपविले. आमचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारी हयात मराठी शाळेत मुलांकडून पाढे व बाराखडी घोटून घेण्यात गेलेली. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा आपण ठेवणार नाही असे आम्ही गृहीत धरतो. गेल्या हिवाळ्यात आपल्या ज्ञातीतील आम्ही सात-आठ निवृत्त मंडळी कोकणात अलिबागेस जाऊन तेथील बेने इस्रायल लोकांचे प्रार्थनामंदिर पाहून आलो. जे पाहिले व त्यावरून जे सुचले, ते आपणांपुढे ठेवणार आहोत.

तेली समाजाच्या मेळाव्यात यहुदी लोकांच्या मंदिराची कथा कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर अगदी सोपे आहे. हे लोक आपले समव्यवसायी होत. कोकणपट्टीत त्यांना पिढ्यानपिढ्या 'शनिवार तेली' याच नावाने ओळखीत असत. घाणा चालवून तेल काढणारे, म्हणून तेली. आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनिवार तेली. त्यांच्याहून निराळे ओळखू यावेत म्हणून आपल्या लोकांना तिकडे 'सोमवार तेली' म्हणत, कारण महादेवाचा वार म्हणून आपल्याकडे सोमवारी बैल जुंपीत नसत. येथे बसलेल्या वृद्धांपैकी अनेकांना आपल्या लहानपणचा तो सोमवार आठवत असेल. लाट उभी राहिली आहे, बैल गोठ्यात रवंथ करीत आहे, त्याच्या डोळ्यांवरची झापड खुंटीला टांगलेली आहे, आणि घरात नेहमीची करकर नसल्यामुळे चुकल्याचुकल्यासारखे वाटत आहे. तोच अनुभव अलिबागेच्या बाजूस शनिवारी येत असे. गावकऱ्यांनी दोन्ही घरांना तेलीच म्हटले. फरक काय तो वाराचा केला.

आपल्यापैकी बहुतेकांनी पुण्यास जाता-येता लष्कर भागातील 'लाल देऊळ' बाहेरून पाहिलेले असेल. तेही यहुद्यांचेच मंदिर होय. बगदादहून मुंबईस येऊन व्यापारात अपार संपत्ती मिळविणारे डेव्हिड ससून यांनी ते बांधावयास घेतले. १८६४ साली ते पुण्यात निवर्तले. मंदिर १८६७ साली पुरे झाले, आणि त्यांची समाधीही त्याच आवारात आहे. पुण्याच्या ससून रुग्णालयास नाव मिळाले ते याच दात्यावरून. लाल विटांचा तो उंच मनोरा आणि त्यावरील घड्याळ पाहून कोणीही थक्क होतो. परंतु ते बगदादी व्यापाऱ्यांचे मंदिर. त्यांच्या पूर्वजांची भाषा अरबी. त्याच पुण्यात रास्ता पेठेत 'सुक्कथ शेलोमो' नावाचे दुसरे लहानसे मंदिर १९२१ साली उभे राहिले, ते मात्र बेने इस्रायलांचे, म्हणजे घरात मराठी बोलणाऱ्यांचे. या मराठी यहुद्यांचे मूळ पाहावयाचे, तर घाट उतरून कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातच गेले पाहिजे.

त्यांच्यात चालत आलेली कथा अशी. फार प्राचीन काळी परदेशातून निघालेले त्यांच्या पूर्वजांचे तारू अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. जे बुडाले त्यांची प्रेते नवगावास पुरली. सामानाबरोबर धर्मग्रंथही समुद्रात गेले. वाचलेल्यांनी जवळपासच्या गावांतून वस्ती केली आणि तेलाचा धंदा पत्करला. ही घटना नेमकी कोणत्या शतकातील याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात मात्र या लोकांच्या रक्तात यहुदी व हिंदी असे दोन्ही वंश मिसळलेले आढळले, म्हणजे कथेचा गाभा निराधार नव्हे एवढे खरे.

त्यांनी घाणाच का पत्करला, यावर आम्ही प्रवासात बराच खल केला. ग्रंथांत त्याचे उत्तर काही असो, आमचा तर्क असा. शेतमजुराला सुट्टीचा वार ठरविता येत नाही. कापणी आली की मालक बोलावील त्या दिवशी जावे लागते. चाकरीतही तेच. घाणेवाला मात्र आपल्या ओसरीत आपला राजा असतो. बैल केव्हा जुंपावा नि केव्हा सोडावा हे त्याच्या हाती. ज्याला आठवड्यातील एक दिवस कोणत्याही परिस्थितीत राखावयाचा आहे, त्याला याहून सोयीचा धंदा कोणता? आपल्या पूर्वजांनाही सोमवार राखता आला तो याच कारणाने.

ग्रंथ गेले, भाषा गेली, पुरोहित नाहीत, अशा स्थितीत या लोकांनी शतकानुशतके काय राखले? शनिवारची विश्रांती, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध, काही सण व उपवास, आणि 'शेमा' नावाची एक प्रार्थना. त्या प्रार्थनेत देव एकच आहे एवढे सांगितले आहे. १७३८ साली सार्टोरियस नावाच्या एका मिशनऱ्याने पत्रात लिहून ठेवले आहे, की या लोकांपाशी धर्मग्रंथ नाही, फक्त शेमा तेवढा येतो. मास्तरकीच्या भाषेत सांगावयाचे तर सारे पुस्तक हरवले, आणि एक ओळ पाठ राहिली. पण ती अशी पाठ राहिली, की पुढे पुस्तक सापडले तेव्हा त्या ओळीवरून ते आपलेच हे ओळखता आले.

त्यांची ओळख पटविणाऱ्या दावीद रहाबी याची गोष्ट या समाजात घरोघर सांगतात. कोचीनकडून आलेल्या या विद्वानाला शनिवारी काम न करणाऱ्या तेल्यांविषयी कुतूहल वाटले. ते खरेच यहुदी आहेत काय हे पाहण्यासाठी त्याने घरातील स्त्रियांपुढे नाना प्रकारची मासळी ठेवली आणि रांधावयास सांगितले. स्त्रियांनी ज्यांना पर व खवले आहेत तेवढेच मासे निवडले आणि बाकीचे बाजूस सारले. यहुद्यांच्या धर्मशास्त्राचा नियम तोच आहे. नियम कोठे लिहिला आहे हे त्या स्त्रियांना ठाऊक नव्हते. आईने निवडले तसे त्यांनी निवडले. रहाबीने मग त्यांच्यातील तिघांना शिकवून धर्मकृत्ये चालविण्यासाठी काजी नेमले, असे सांगतात. बंधूंनो, ही कथा आम्ही येथील भगिनींसाठी मुद्दाम विस्ताराने सांगितली. समाजाची परीक्षा झाली ती स्वयंपाकघरात, आणि त्या परीक्षेत समाजाला उत्तीर्ण केले ते बायकांनी.

आता प्रवासाकडे वळू. पाटसहून पहाटेच्या गाडीने पुणे, आणि तेथून एस. टी.ने खंडाळ्याचा घाट उतरून खोपोली, पेण व अलिबाग असा आमचा मार्ग होता. पेणच्या पुढे रस्त्यावरच्या पाट्या वाचताना आम्हांला हजेरीपट वाचल्यासारखे वाटू लागले. बेने इस्रायलांनी आपापल्या गावांवरून आडनावे घेतली आहेत. पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर, झिराडचे झिराडकर, नवगावचे नवगावकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर. नाव सॅम्युएल, पण आडनाव दिवेकर. नाव एलिजा, पण आडनाव राजपूरकर. देश दोन, पण ते एकाच माणसाच्या नावात शेजारी बसलेले आहेत.

अलिबागेस पोचलो तो शुक्रवारचा दिवस कलला होता. मंदिर ज्या वस्तीत आहे तिला इस्रायल आळी म्हणतात. मंदिराची देखभाल पाहणारे वृद्ध गृहस्थ दारातच भेटले. आम्ही आमचे येणे सांगितले. त्यांनी आदराने नमस्कार केला आणि म्हणाले, "आता दिवेलागण होईल आणि आमचा शब्बाथ लागेल. उद्याचा दिवस प्रार्थनेचा. आपण परवा, रविवारी सकाळी या. मी सर्व दाखवीन." आमच्यातील एक जण म्हणाले, "काका, आम्ही फार लांबून आलो आहोत." वृद्ध हसून म्हणाले, "खरे आहे. पण आमचा वारही फार लांबून आलेला आहे." यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. आम्ही धर्मशाळेची चौकशी केली. मागे वळून पाहिले तो त्यांनी आत दिवे लावण्यास सुरुवात केली होती.

शनिवारचा मोकळा दिवस आम्ही कारणी लावला. नवगावास जाऊन त्यांच्या पूर्वजांचे दफनस्थान व तेथील स्मारक पाहिले. अलिबागेजवळच्या खंडाळे गावी एक खडक आहे. एलियाहू पैगंबर रथातून स्वर्गास जाताना त्याच्या रथाच्या व घोड्यांच्या खुणा त्यावर उमटल्या अशी यांची श्रद्धा आहे. नवस फेडण्यासाठी पोहे, खोबरे, साखर व फळे यांचा 'मलिदा' करून एलियाहूचे नाव घेण्याची चाल यांच्यात आहे. ही चाल जगातील इतर यहुद्यांत नाही. ती कोकणच्या मातीतली आहे. सणांची जुनी नावेही अशीच घरगुती आहेत. प्रायश्चित्ताच्या मोठ्या उपवासाला हे 'दारफाळणीचा सण' म्हणत, कारण त्या दिवशी दारे लावून घरात बसत. एका सणाला 'खिरीचा सण', तर वालाच्या बिरड्यावरून दुसऱ्याला 'बिरड्याचा सण' म्हणत. धर्म परदेशचा, पण ताटात बिरडे!

रविवारी सकाळी आम्ही पुन्हा मंदिरापाशी गेलो. 'मागेन आबोत' हे त्याचे नाव. पितरांची ढाल असा त्याचा अर्थ. हे मंदिर १८४८ साली स्थापन झाले, आणि हल्लीची इमारत १९१० सालची आहे. बाहेरून पाहता एखाद्या सुखवस्तू घरासारखे ते दिसते. दाराच्या चौकटीवर उजव्या हाताला एक लहानशी डबी तिरकी ठोकलेली असते. तिच्यात धर्मवचन लिहिलेली चर्मपत्राची गुंडाळी असते, आणि आत जाणारा तिला बोटे लावून ती ओठांशी नेतो. आत डोके झाकल्यावाचून जावयाचे नाही. आमच्यापैकी जुन्या मंडळींच्या डोक्यावर पांढरी टोपी होतीच. वृद्ध आम्हांला म्हणाले, "आपली तयारी आहे." बोडक्या डोक्याच्या दोघांना मात्र त्यांनी कोनाड्यातील लहान टोप्या काढून दिल्या.

आत मूर्ती नाही, चित्र नाही. पश्चिमेच्या भिंतीत, म्हणजे येथून जेरुसलेम ज्या दिशेस आहे त्या बाजूस, एक कपाट आहे व त्यावर पडदा सोडलेला आहे. मध्यभागी लाकडी कठड्याचा उंच ओटा. त्यावर उभे राहून ग्रंथ वाचावयाचा. स्त्रियांना बसण्यासाठी वरच्या बाजूस सज्जा. एलियाहू पैगंबरासाठी एक आसन नेहमी रिकामे ठेवतात. सुंतेच्या वेळी बाळाला प्रथम तेथे ठेवण्याची रीत आहे. छताला काचेचे दिवे टांगलेले, आणि कपाटापुढे नित्य तेवणारा एक दिवा. आमच्यातील सर्वांत वयस्क गृहस्थ, ज्यांनी स्वतः तरुणपणी घाणा हाकला आहे, ते त्या दिव्यांखाली उभे राहिले आणि म्हणाले, "खोबऱ्याचे तेल." वृद्धांनी मान हलविली. पूर्वी हे लोक आपल्याच घाण्याचे तेल शुक्रवारी संध्याकाळी घरोघर दिव्यांत घालीत. आठवडाभर लोकांसाठी गाळलेल्या तेलातून शेवटचे भांडे देवासाठी. एकादशीच्या दिव्यासाठी तेल काढून ठेवणाऱ्या आपल्या आज्या आम्हांला तेव्हा आठवल्या.

वृद्धांनी पडदा सारून कपाटातील ग्रंथ दुरून दाखविला. मोशेची पाच पुस्तके चर्मपत्रावर हाताने लिहून दोन दांड्यांभोवती गुंडाळलेली असतात. तो छापीत नाहीत. शिकलेला लेखक शाईने एकेक अक्षर काढतो, आणि एक अक्षर चुकले तरी दुरुस्ती होईपर्यंत ती प्रत वाचनास चालत नाही. वाचताना त्यावर बोट ठेवीत नाहीत. धातूच्या लहान हातासारखी काडी असते, तिने ओळ दाखवितात. वर्षभरात दर शनिवारी थोडे थोडे वाचून ग्रंथ संपवितात आणि लगेच पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ करतात. प्रत जीर्ण झाली तर टाकून देत नाहीत. माणसाप्रमाणे तिला भूमीत ठेवतात.

हे ऐकताना आम्हां सर्वांच्या मनात एकच नाव उभे राहिले. संताजी जगनाडे महाराज! चाकणच्या तेल्याने तुकोबांचे अभंग वह्यांत उतरून ठेवले. त्या जगनाडे वह्या घराण्याने पिढ्यानपिढ्या जपल्या. आणि पुढे वि. ल. भावे यांनी त्यांवरून गाथा छापून काढला. दर आषाढात तुकोबांची पालखी आपल्या पाटसला विसावा घेऊन रोटीचा घाट चढते, तेव्हा आपण रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून चहा-फराळ देतो. त्या टाळमृदंगात एक तेली लेखक होऊन गेला याचा आपल्याला अभिमान आहे. पण अभिमान वेगळा आणि वाचन वेगळे. आपल्यापैकी किती घरांत गाथा आहे, आणि असलेल्यांपैकी किती घरांत तो वर्षातून एकदा तरी पहिल्या अभंगापासून शेवटपर्यंत वाचला जातो, हे ज्याचे त्याने पाहावे.

मंदिराच्या कारभाराविषयी आम्ही विचारले. पूर्वी प्रत्येक मंदिराचा प्रमुख तो मुकादम, त्याला साहाय्य करणारे चौगुले, पैशाअडक्याचा हिशेब पाहणारा गब्बाय, प्रार्थना चालविणारा हज्जान, आणि सेवा करणारा शम्माश. मुकादम व चौगुले हे शब्द ऐकताच आम्ही एकमेकांकडे पाहिले. आपल्या गावगाड्यात आपण अलुतेदार म्हणून ज्या पाटील-चौगुल्यांच्या दारी तेल घातले, त्याच पदांची नावे या लोकांनी उचलून आपल्या मंदिरात नेली होती. वाणीचेही तसेच. १८३२ साली जॉन विल्सन या मिशनरी पंडिताने यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची 'हागादा' पुण्यात १८७४ साली हिब्रू व मराठीत चित्रांसह छापली गेली. तिच्यातील चित्रांत सणाच्या भाकऱ्या करणाऱ्या स्त्रिया लुगड्यात आहेत. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात यांनी मोशे, योसेफ इत्यादिकांची आख्याने लावून मराठी कीर्तनेही केली. आपला धर्म आपल्या शेजाऱ्याच्या भाषेत सांगण्याची लाज त्यांना वाटली नाही.

आता धंद्याची गोष्ट. आंग्र्यांच्या आरमारात यांच्यापैकी काहींनी चाकरी केली. पुढे मुंबई वाढू लागली तसे पुष्कळजण तिकडे गेले, कंपनीच्या पलटणीत भरती झाले. त्यांपैकी सॅम्युएल इझिकेल दिवेकर हा टिपूच्या कैदेत सापडला, सुटून आला, आणि १७९६ साली त्याने मुंबईत मांडवी भागात यांचे पहिले मंदिर बांधले. यहुदी मंदिरालाही त्या काळी मशीदच म्हणत. मशीद बंदर हे स्टेशनचे नाव या मंदिरावरून पडले असे सांगतात. मग अलिबाग, रेवदंडा, पनवेल, पेण, ठाणे अशी ठिकठिकाणी मंदिरे झाली. पलटणीमागून सुतारकी, गिरण्या, रेल्वे, टपालखाते, कचेऱ्या. १८७५ साली हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी मुंबईत आपल्या समाजासाठी शाळा काढली. तिथे रिबेका रूबेन या विदुषी १९२२ पासून १९५० पर्यंत मुख्याध्यापिका होत्या. डॉ. ई. मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. त्यांचे आडनाव राजपूरकर. पेशाने तेली असलेल्या लहानशा समाजाने दीडशे वर्षांत केलेली ही वाटचाल आहे. बहुतेकांचा घाणा सुटला.

येथे या व्याख्यानाचा मुद्दा येतो. त्यांचा घाणा सुटला, पण शनिवार सुटला नाही. पलटणीत गेले तरी, रेल्वेत लागले तरी, शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावावयाचा तो लावलाच. धंदा हे त्यांचे पोट होते. ओळख त्यांनी धंद्यात ठेवली नव्हती, वारात ठेवली होती. आपल्याकडे उलट झाले. आपला सोमवार घाण्याला बांधलेला होता. भीमथडीच्या काळ्या रानातली करडई घाण्यावरून गिरणीत गेली, गिरणीतून डब्यात आली, डब्याची पिशवी झाली, आणि घाण्याबरोबर सोमवारही नाहीसा झाला. घाणा जाणार होताच. त्याला कोणी दोष देत नाही. बैल फिरवून यंत्राशी स्पर्धा होत नसते, आणि आपली मुले चाकणच्या कारखान्यांत व पुण्याच्या कचेऱ्यांत सुखाने नांदत आहेत याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु घाणा गेल्यावर आपण तेली कशाने, हा प्रश्न शिल्लक राहतो. शाळेच्या दाखल्यावरच्या रकान्याने? तेवढ्याने समाज होत नाही, फक्त यादी होते.

मात्र अलिबागेस सर्व आलबेल आहे असे सांगून आम्ही आपली दिशाभूल करणार नाही. १९४८ साली इस्रायलचे राज्य स्थापन झाले, आणि त्यानंतर या समाजातील बहुसंख्य लोक हळूहळू तिकडे गेले. तेथेही त्यांची वाट सरळ नव्हती. १९६० च्या सुमारास तिकडच्या काही धर्माधिकाऱ्यांनी यांच्या विवाहांना हरकत घेतली. ज्यांनी शेकडो वर्षे ग्रंथावाचून शनिवार पाळला, त्यांना तुम्ही खरे यहुदी कशावरून असे विचारले. यांनी धरणी धरली, सत्याग्रह केला, आणि १९६४ साली ते समान यहुदी होत असे मान्य करून घेतले. आज ते तेथे हजारोंनी आहेत, आणि 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तेथून चालविले. इकडे, स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज आज साऱ्या भारतात चार-पाच हजार यहुद्यांत मोजला जातो. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. अलिबागेत आता बोटांवर मोजता येतील इतकी घरे आहेत.

यांच्यात नियम असा, की सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरील निदान दहा पुरुष हजर पाहिजेत. नऊ असले तर ग्रंथ कपाटातच राहतो. राजा असो वा विद्वान असो, नऊ म्हणजे नऊच. आम्ही त्या वृद्धांना विचारले, "दहा जमतात काय?" ते म्हणाले, "सणाला जमतात. पेण-मुंबईची माणसे येतात. एरवी आम्ही वाट पाहतो." मग किंचित थांबून त्यांनी सांगितले, "पूर्वी शंभर असत तेव्हा एखादा आला नाही तर कळतही नसे. आता प्रत्येकाला ठाऊक आहे की आपण दहावे आहोत. ताप असला तरी येतात."

ते वाक्य आम्ही बरोबर घेऊन घाट चढलो. गाडीत त्यावर बरीच चर्चा झाली. एक जण म्हणाले, "मास्तर, आपण काही दहा-वीस नाही, लाखांनी आहोत, आपल्याला काय काळजी?" युक्तिवाद खोटा नाही, पण तो पुरा नाही. जो लाखांत असतो तो आपल्याला लाखावा समजतो. आपल्यावाचून काही अडणार नाही असे त्याला वाटते. सर्वांनाच तसे वाटले म्हणजे लाखांच्या समाजाचे सभागृह वर्षातील तीनशे चौसष्ट दिवस कुलूपबंद राहते. आपले सभागृह किती दिवस उघडे असते हे आताच हिशेबात वाचले गेले आहे. त्यावर आम्ही अधिक बोलत नाही.

म्हणून मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवून आम्ही आपली रजा घेतो. पहिली, वहीची. प्रत्येक घराने एक वही करावी. तीत आपल्या ज्ञात पिढ्यांची नावे, मूळ गाव, आणि घाणा चालविलेला जो कोणी वृद्ध हयात असेल त्याच्याकडून घाण्याच्या भागांची, मापांची, पेंडीच्या व बियांच्या प्रकारांची नावे उतरून घ्यावीत. ही नावे जाणणारी माणसे आता थोडी राहिली आहेत. संताजींच्या समाजाने वही लिहावयाची नाही तर कोणी? दुसरी, घाण्याची. कोणाच्या परसात जुना घाणा पडून असेल तर तो सरपणास न देता सभागृहाच्या आवारात आणून बसवावा. वर्षातून एकदा तरी त्यातून तेल निघावे आणि त्या तेलाचा दिवा संताजी महाराजांपुढे लागावा.

तिसरी व मुख्य सूचना वाराची. महिन्यातील एक सोमवार, कोणता तो मंडळाने ठरवावा, संध्याकाळी सभागृह उघडावे. भाषण नको, हारतुरे नकोत, ध्वनिक्षेपक तर नकोच. गाथ्यातील थोडे अभंग क्रमाने वाचावेत, मुलांनी मोठ्यांना प्रश्न विचारावेत, कोणाच्या घरी अडचण असेल तर ती बोलली जावी, आणि दिवा लावून घरोघर जावे. त्या सभेसाठीही एक नियम असावा: निदान दहा जण असल्याखेरीज वाचनास आरंभ करू नये. त्यांच्या नियमात दहा पुरुष लागतात; आपल्या नियमात स्त्रिया व मुलेही धरावीत, म्हणजे कोणालाही मागे राहण्यास कारण उरणार नाही.

पहिल्या महिन्यात शंभर येतील, दुसऱ्यात चाळीस, आणि सहाव्या महिन्यात कदाचित नऊ येतील. त्या वेळी घरी बसलेल्या प्रत्येकाने एवढेच लक्षात आणावे, की तेथे ग्रंथ झाकून ठेवून नऊ माणसे दाराकडे पाहात आहेत, आणि दहावे आपण आहोत.

 इत्यलम्.